लुगड्याचा काठ

महाडच्या लढ्यातल्या दोन तारखा मराठी वाचकाला सांगाव्या लागत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेत, मनुस्मृती जाळण्यात आली. महाड ओळखले जाते ते या पाण्याने आणि या पोथीने. त्याच मुक्कामात तिसरीही एक गोष्ट घडली. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने ठेवावेत, हा त्या बोलण्याचा मोठा भाग होता. चरित्रकारांनी या प्रसंगाची नोंद घेतली, पण लोकस्मृतीत तो बायकांना केलेला चार शब्दांचा उपदेश म्हणून मागे पडला.

मला मात्र तो महाडच्या लढ्याचा तिसरा खांब वाटतो. तळ्याचा प्रश्न हक्काचा होता, पोथीचा प्रश्न आधाराचा होता आणि लुगड्याचा प्रश्न ओळखीचा होता. जात माणसाच्या अंगावर लिहून ठेवलेली होती. ते लिखाण पुसण्याचे काम २७ डिसेंबर १९२७ रोजी उघडपणे हाती घेण्यात आले आणि ते प्रथम बायकांनी केले.

अंगावर लिहिलेली जात

अनोळखी माणूस गावात शिरला की त्याची जात कशी कळायची? दाखला कोणी मागत नसे. मुंडासे कसे बांधले आहे, धोतराला काठ कोणता आहे, बाईच्या निऱ्या कशा आहेत, हातातली पाटली कोणत्या धातूची आहे, एवढ्यावरून निवाडा होई. विहिरीवर जायचे की लांब उभे राहायचे, ओट्यावर बसायचे की अंगणात, हे त्या निवाड्यावर ठरे.

हे नियम किती बारीक होते ते बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात दिसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या महारवाड्यात त्यांचे बालपण गेले. महाराच्या सुनेने लुगडे नेसताना निऱ्या अशा खोवायच्या की काठ आत दडला पाहिजे, असा तिथला दंडक होता. काठ दिसेल अशी नेसण वरच्या जातींच्या बायकांची. लुगडे तेच, कदाचित एकाच बाजारातून आणलेले, आणि तरी त्याचा एक वीतभर भाग जगाला दाखवायचा अधिकार एकीला होता आणि दुसरीला नव्हता.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तिथे कधीच न झालेले भाषण प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी या खुणांची जंत्रीच मांडली. पेशवाईत अस्पृश्याने ओळख म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात तर पाऊल पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके बाळगावे, ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. पण त्याच भाषणात त्यांच्या स्वतःच्या काळातलेही दाखले आहेत आणि ते जास्त बोलके आहेत. १९२८च्या जानेवारीत, म्हणजे महाडच्या दुसऱ्या परिषदेनंतर दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, इंदूर भागातल्या बलाई जातीवर लादलेल्या नियमांची बातमी छापून आली. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, भपकेदार घागरे-चोळ्या वापरू नयेत. त्याच यादीत सवर्णांच्या लग्नात वाजवणे, बाळंतपणात राबणे, मोबदला न मागता काम करणे ही कामेही होती. हे मान्य नसेल त्यांनी गाव सोडावे. १९३५च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांना मारहाण झाली.

या दाखल्यांत एक सूत्र आहे. गरिबीला कोणाचीच हरकत नव्हती. फाटके धोतर, मातीचे मडके, कथलाची बांगडी यांवर कधी भांडण झाले नाही. हरकत होती ती ऐपत दिसण्याला. जरीकाठी पागोटे विकत घेण्याइतका पैसा एखाद्या बलायाकडे आला तर तो त्याने पेटीत ठेवावा, डोक्यावर बांधू नये. पैशाने दर्जा बदलू नये म्हणून घातलेले हे कुंपण होते. म्हणूनच ते कापड, धातू आणि लांबी या डोळ्यांना चटकन दिसणाऱ्या गोष्टींवर घातलेले होते.

लादलेली खूणही कधी कधी माणूस मिरवतो, हेही विसरता येत नाही. येसकराची घुंगरांची काठी ही गावकीच्या राबणुकीची निशाणी. ती ज्याच्याकडे असेल त्याने गावाची पडेल ती कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. पण महारवाड्यात त्या काठीचा केवढा तोरा असे, येसकरकीची पाळी आलेला माणूस कसा ताठ चाले, हे बेबीताईंनीच थट्टेच्या आणि दुःखाच्या मिसळीत सांगितले आहे. गुलामीच्या खुणेलाच मान समजण्याची सवय मोडणे हे नियम मोडण्यापेक्षा अवघड होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महारांना गावकीला बांधून ठेवणाऱ्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांना सरकारइतकेच या सवयीशीही झगडावे लागले.

इंग्रजी राजवटीने या खुणा निर्माण केल्या नाहीत, पण त्या छापून पक्क्या केल्या. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींचा दोन खंडांचा संग्रह १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केला. त्यात माणसांच्या आकृती वेगळ्या टिपून मुंबईच्या देखाव्यांवर जोडलेल्या होत्या. माणूस एकीकडचा, जागा दुसरीकडची आणि खाली जातीचे नाव. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी जिल्हावार प्रत्येक जातीचे घर, पोशाख, दागिने, खाणेपिणे नोंदवले. आज अभ्यासकाला ही माहिती मोलाची वाटते. त्या काळात मात्र तिचा दुसराही परिणाम झाला. गावच्या दंडेलीने टिकवलेला पोशाख सरकारी पुस्तकात ‘त्या जातीचा पोशाख’ म्हणून नोंदला गेला. जणू तो त्यांनी आपखुशीने निवडला होता.

लाल डगला आणि दगडी स्तंभ

या खुणांतून सुटण्याची पहिली मोठी वाट पलटणीतून गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने भरती झाले. गणवेशाच्या डगल्याला जातीचा काठ नव्हता. गावात ज्याने मुंडासे कसे बांधावे हे पाटील ठरवी, त्याला पलटणीत सर्वांसारखीच टोपी, पट्टा आणि बूट मिळत. छावणीत भेदभाव नव्हता असे नव्हे. पण एकदा गणवेश अंगावर चढला की दुरून जात वाचता येत नसे आणि हा अनुभव त्या पिढ्यांना पुरेसा होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. दापोलीकडे स्थायिक झालेल्या लष्करी पेन्शनरांत गोपाळबाबा वलंगकर होते. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच जाब विचारला. ज्या घरांनी एकदा गणवेश पाहिला होता, त्याच घरांतून पहिले बंडखोर निघाले. १८९०च्या दशकात महारांची भरती थांबली, तेव्हा रोजीबरोबर ही ओळखही गेली. म्हणून त्या बंदीविरुद्धचे अर्ज इतके कळवळून लिहिलेले दिसतात.

पलटणीची एक खूण दगडात उरली होती. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यात ‘नाक’ हा महारांचा प्रत्यय लागलेली बरीच नावे आहेत. कंपनी सरकारने तो स्वतःच्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. जो प्रत्यय गावात हिणवण्यासाठी उच्चारला जाई, तो तिथे शौर्याच्या यादीत होता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या चिन्हात हाच स्तंभ आला. १९२७ हे वर्ष असे एका दगडी खुणेने सुरू झाले.

महाडचा तिसरा दिवस

डिसेंबरची परिषद अडथळ्यांतूनच भरली. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला आणि तळ्यावरच्या पाण्यावरून मार्चमध्ये उसळलेल्या दंगलीनंतर ऑगस्ट १९२७ मध्ये स्वतःचा ठराव मागे घेतला. सनातनी मंडळींनी परिषदेच्या तोंडावर न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. पहिल्या रात्री मनुस्मृती जळाली. तळ्यावरचा सत्याग्रह न्यायालयाचा मान राखून पुढे ढकलला गेला. २७ तारखेला गावातून शिस्तीची मिरवणूक निघाली आणि परिषद संपली.

तळ्याचे पाणी मिळाले नाही, निकाल कधी लागेल ठाऊक नाही, अशा मनःस्थितीत हजारो माणसे परत निघणार होती. त्या वेळी बाबासाहेब बायकांकडे वळले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: तुमची नेसण आणि तुमचे दागिने हेच तुमच्या अस्पृश्यपणाचे दाखले झाले आहेत, ते टाकून द्या. लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचून नेसू नका, ते घोट्यापर्यंत येऊ द्या. गळ्यातल्या भाराभर सऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे गोट उतरवा. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, स्वच्छ असला पाहिजे. कोणते वस्त्र नेसावे आणि कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे तुमचे तुम्ही ठरवा, त्यावर बंदी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. याच्या जोडीला मृत जनावराचे मांस सोडण्याचा आग्रह होता, दारुड्या नवऱ्याचे लाड न करण्याचा सल्ला होता आणि मुलींना शाळेत घालण्याची निकड होती.

हे ऐकून बायकांनी काय केले, तेच या प्रसंगाचे मर्म आहे. त्यांनी घरी जाऊन विचार करतो असे म्हटले नाही. महाडमधल्या सहकारी सुधारकांच्या घरच्या स्त्रियांनी लांब नेसण दाखवली आणि कित्येक जणी नव्या पद्धतीने नेसूनच गावाकडे निघाल्या, असे चळवळीच्या आठवणी सांगतात. पुरुषांनी केलेला सत्याग्रह मनाईहुकुमाने थांबला होता. बायकांचा सत्याग्रह कोणत्या न्यायालयाला थांबवता येणार? तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. लुगड्याचा निकाल मात्र त्याच दिवशी लागला.

गावात परतल्यावर हे सोपे नव्हते. तळे महाडला होते आणि लुगडे तर रोज अंगावर. विहिरीवर, बाजारात, शेतावर प्रत्येक वेळी ते नव्याने पणाला लागे. ‘जास्त शहाणी झालीस काय?’ या प्रश्नाला रोज उत्तर द्यावे लागे, आणि मागे जमाव नसताना द्यावे लागे.

नक्कल की नकार?

या प्रसंगावर एक आक्षेप सहज घेता येतो. ब्राह्मण-प्रभूंच्या बायकांसारखे नेसा असे सांगणे म्हणजे वरच्या जातींची नक्कलच नाही का? खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून वर सरकू पाहतात, याला समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ असे नाव दिले. महाडला ते नाव लावणे मला पटत नाही. वरच्यांच्या चाली उचलणारा माणूस त्यांचा ग्रंथ डोक्यावर घेतो. इथे दोन दिवस आधी तो ग्रंथ अग्नीत गेला होता. ज्यांना पायरी वर चढायची असते ते जिना जाळत नाहीत. लांब नेसण हवी होती ती ब्राह्मण दिसण्यासाठी नव्हे, नुसती बाई दिसण्यासाठी. रस्त्यावरच्या परक्या नजरेला जात वाचता येऊ नये, एवढीच ती मागणी होती.

केरळातली उदाहरणे हेच सांगतात. त्रावणकोर संस्थानात नाडर बायकांच्या वक्षवस्त्रावरून अनेक दशके दंगे झाले. १८५९ साली महाराजांनी अंग झाकण्याची परवानगी दिली, पण वरच्या जातींच्या बायकांप्रमाणे नव्हे, अशी अट घालून. झाकायला हरकत नाही, सारखे दिसायला हरकत आहे, हे राजाज्ञेनेच कबूल केले. पुढे १९१५ साली अय्यंकाळी यांच्या चळवळीत पुलया बायकांनी जातीची खूण म्हणून गळ्यात घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा तोडून टाकल्या. महाडच्या बायकांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन्हीकडे पहिला हात गळ्यातल्या दागिन्यालाच लागला, कारण दोन्हीकडे जात तिथेच टांगलेली होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. समाजाच्या अब्रूचा भार पुन्हा बाईच्याच पदरावर का? स्वच्छता, नेसण, दागिने यांची झडती बायकांचीच का व्हावी? या प्रश्नात तथ्य आहे. त्याचे उत्तर त्याच बायकांनी पुढच्या वर्षांत दिले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा ठराव लुगड्यांचे नव्हते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांच्या रजा हे त्यांचे विषय होते. पंधरा वर्षांत ऐकणाऱ्या बायका ठराव मांडणाऱ्या झाल्या होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर हा धागा हरवलाच असता.

कापडाच्या राजकारणाची दुसरी बाजू मुंबईच्या गिरण्यांत होती. विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे कापड नेसण्याचे नियम गावाने केले होते आणि विणण्याचे शहराने. यंत्रयुग आले की जात जाईल, या समजाला गिरणीतल्या धोट्याने उत्तर दिले होते.

पुसलेल्या खुणा, निवडलेल्या खुणा

जुनी खूण पुसली की जागा रिकामी राहत नाही. तिथे काय यावे, हे ठरवण्यात बाबासाहेबांच्या स्वतःच्या पोशाखाचा वाटा मोठा आहे. त्यांचा कोट, टाय, चष्मा, खिशातले पेन ही त्यांच्या शिक्षणाची आणि व्यवसायाची वस्त्रे होती. याच काळात देशातले पुढारी खादी आणि पंचा यांतून साधेपणा मिरवत होते. पण त्याग करायला आधी काहीतरी हाती असावे लागते. ज्यांना शतकानुशतके नवे कापड नाकारले गेले, त्यांना नेत्याच्या अंगावरचा नीटनेटका कोट हा स्वतःचाच वाटला.

९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापुरात बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. संसदेच्या आवारातला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा १९६७चा. त्यानंतर गावोगाव निळा कोट, हातात राज्यघटना आणि उंचावलेले बोट असलेली मूर्ती उभी राहिली. निळा रंग १९४२च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा. ही मूर्ती कुठल्या सरकारी समितीने ठरवली नाही. कारागिरांनी, वस्त्यांतल्या मंडळांनी आणि वर्गणी देणाऱ्या मजुरांनी मिळून ती घडवली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतरासाठी माणसे जमली ती पांढऱ्या वस्त्रांत. पांढऱ्या कपड्यावर कोणत्याच जातीचा काठ नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेतल्यानंतर घराघरांतल्या देव्हाऱ्यांतले टाक आणि मूर्ती नदीत गेल्या आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी लागल्या. १९२७ मध्ये जात दिसू नये म्हणून खूण टाकली होती. १९५६ नंतर आपण कोण आहोत हे दिसावे म्हणून खूण निवडली गेली. पहिल्याशिवाय दुसरे शक्य नव्हते. लादलेली खूण टाकून दिल्यावरच माणूस स्वतःची खूण निवडू शकतो.

निवडलेल्या खुणेवर हल्ले झाले यातही नवल नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. पुतळ्यावरून एवढे कशाला, असे विचारणाऱ्यांना काळा दोरा आणि कमरेचा झाडू यांचा इतिहास ठाऊक नसतो. ज्या समाजाला स्वतःची खूण निवडायला इतकी किंमत मोजावी लागली, त्याच्या लेखी तो दगड किंवा सिमेंट राहत नाही.

नेसणीची ही गोष्ट जुन्या काळाची म्हणून मिटवून ठेवता आली असती तर बरे झाले असते. तसे करता येत नाही, कारण कायद्याच्या पुस्तकातच तिचे ताजे पान आहे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चपलांचा हार घालणे, त्याची मिशी उतरवणे, त्या समाजाला आदरणीय असलेल्या वस्तूची विटंबना करणे हे गुन्हे त्यात आता नावानिशी नमूद आहेत. त्याच यादीत आणखी एक गुन्हा आहे: सार्वजनिक ठिकाणी पायात पादत्राण किंवा अंगावर नवे कपडे घालण्यापासून अशा माणसाला रोखणे. महाडच्या बायकांनी जुनी नेसण टाकल्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी भारतीय प्रजासत्ताकाला नव्या कपड्यांचे रक्षण कायद्याने करावे लागले.